डावीकडचा रकाना

“डावीकडे जुनं लावलंच नाहीस तू,” पप्पा म्हणाले आणि तिचा माउसवरचा हात जागच्या जागी थांबला.

शनिवारची सकाळ. साडेदहा वाजून गेले असावेत, कारण खिडकीतलं ऊन टेबलाच्या कडेला येऊन टेकलं होतं आणि ते पडद्यावर चढायच्या आत काम उरकायचं असं तिनं मनाशी ठरवलं होतं. ऑफिसात मोडीत निघालेला मोठा मॉनिटर तिनं साहेबांना विचारून, चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन घरी आणला होता आणि बायबलच्या अभ्यासाचं ते सॉफ्टवेअर दोन तास खटपट करून एकदाचं मार्गी लावलं होतं. डाव्या रकान्यात जुनं भाषांतर, उजव्यात नवं. दोन्ही रकाने तिनं एकमेकांना बांधून टाकले होते, म्हणजे एक वर सरकला की दुसराही मुकाट त्याच वचनाशी येऊन थांबेल. अक्षर एवढं ठळक की दारातून वाचावं. गेली सव्वीस वर्षं ती पोटासाठी हेच करत आली होती: औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेली असते ती चिठ्ठी मांडायची, एकच सूचना चार भाषांत, चार रकान्यांत, आणि एका भाषेतला इशारा दुसऱ्या भाषेतल्या इशाऱ्याच्या बरोबर समोर यायलाच हवा. तो एक ओळ जरी खाली घसरला तरी ती अख्खी चिठ्ठी पुन्हा मांडायला घ्यायची. म्हणून आत्ता तिला प्रथम रागच आला. डावा रकाना समोर भरभरून होता. काळ्याभोर अक्षरांनी ठासून भरलेला.

“पप्पा, नीट बघा ना. जुनं डावीकडे आहे.”

“कुठंय? हे नवंच दिसतंय मला. जुनं लाव म्हणालो होतो ना.” आवाजात चिडचीड नव्हती. उलट एक थकलेला समजूतदारपणा होता, गेल्या पाच महिन्यांत अंगवळणी पडलेला. सगळं मलाच चुकीचं दिसतंय, तुमचंच बरोबर असेल, अशा सुरातला.

पाच महिने. त्या रविवारी नवीन पाळकांनी त्यांना मानानं वाचनासाठी बोलावलं होतं. एकूणऐंशी वर्षांचे निवृत्त पाळक, त्यातली अडतीस वर्षं याच चर्चमध्ये काढलेले, सवयीनं व्यासपीठावर चढले, चष्मा सारखा केला आणि तो त्यांचा भरदार, मागच्या बाकापर्यंत सहज पोचणारा आवाज लावून त्यांनी वाचायला सुरुवात केली. आणि त्या वाचनाला अर्थच नव्हता. ‘च्या बाजूने गेला’, ‘ना म्हणाला, उठा’, ‘वर येऊन बसले’: कोण गेला, कोणाला म्हणाला, कशावर बसले, काही नाही. शब्द खणखणीत, आणि वाक्यांना मुंडकीच नाहीत. लहान मुलांच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. पप्पा बारा वचनं तशीच वाचत गेले, त्यांचा आवाज एकदा हलला, दोनदा हलला, पण ते थांबले नाहीत. शेवटी नवीन पाळकांनीच हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आई सगळा वेळ आपल्या चपलांकडे बघत होती. हे तिला आईनं सांगितलं, कारण ती स्वतः तिथं नव्हती. बाविसाव्या वर्षीच तिनं चर्चला जाणं सोडलं होतं, भांडण नाही, तंटा नाही, एका रविवारी उठलीच नाही आणि मग पुढं कधीच नाही. वाचनाच्या त्या रविवारपासून पप्पांनी बायबल मिटलं. चष्मा दोनदा बदलून झाला. चष्म्याच्या दुकानात भिंतीवरची एकेक अक्षरं त्यांनी फटाफट ओळखली. घरच्या डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, आणि वय झालं की असं व्हायचंच म्हणून गोळ्या लिहून दिल्या. दादाचं मात्र मत पक्कं झालं होतं. तो तीनशे किलोमीटरवर राहतो, पण मत तिथूनही पक्कं होतं. पप्पांचं डोकं गेलंय, आईच्यानं आता झेपत नाही, विसराळू माणसांना सांभाळणारी एक चांगली संस्था त्यानं बघून ठेवली होती आणि परवा सोमवारी तिथली खोली बघायला सगळ्यांनी जायचं होतं. मॉनिटर आणण्यामागं तिचाही काही मोठा विचार नव्हता. जाण्याआधी दोन दिवस तरी त्यांच्यासमोर त्यांचं काहीतरी असावं, इतकंच.

“बरं, थांबा,” ती म्हणाली आणि काही न ठरवता, नुसतं हाताला सुचलं म्हणून, तिनं जुन्या भाषांतराचा रकाना माउसनं पकडला आणि ओढत उजवीकडे नेला. नवं आपोआप डावीकडे सरकलं.

“हां!” पप्पा पुढं वाकले. “हे जुनं. हे बघ, आलं की नाही? पण आता नवं कुठं घालवलंस?”

तिनं पुन्हा अदलाबदल केली. “आता?”

“आता नवं आलं. जुनं गेलं.” मग जरा थांबून, “डिंके, माझी चेष्टा करतेस का?”

डिंकी. हे नाव कित्येक दिवसांत त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. ती सात-आठ वर्षांची असताना पप्पा याच कामासाठी, शेजारीशेजारी लावून बघण्यासाठी, बायबलच्या दोन जुन्या प्रती घेऊन बसायचे, कात्रीनं वचनांच्या पट्ट्या कापायचे आणि पुठ्ठ्यावर रकाने आखून चिकटवायचे, आणि डिंकाची वाटी घेऊन ती मांडी घालून बसलेली असायची. बोटं एकमेकांना चिकटायची, केस चिकटायचे, एकदा तर एक अख्खी पट्टी तिच्या कोपराला चिकटून शाळेत गेली. आई दारात उभी राहून म्हणायची, “देवाच्या वचनाला कात्री लावताय?” आणि पप्पा म्हणायचे, “वचनाला नाही गं, कागदाला.” ते तक्ते पुढं वाळवीनं खाल्ले. पण रकाना सरळ कसा बसवायचा, डाव्या कडेला बोट लावून पट्टी कशी सरकवायची, हे तिच्या बोटांत राहिलं, आणि पुढं तेच तिला नोकरीला उपयोगी पडलं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं होतं, हे कुठं शिकलात? ती म्हणाली होती, घरी.

“चेष्टा नाही पप्पा. एक मिनिट. फक्त एक मिनिट द्या मला.” आपला आवाज चढलाय हे तिला ऐकू येत होतं. तिनं एक रकाना बंद केला आणि दुसरा ताणून पडदाभर पसरला. “वाचा.”

“नको.”

“पप्पा, एकच ओळ. कुणी ऐकत नाहीये. मीच आहे.”

त्यांनी वाचलं. अगदी त्या रविवारसारखं, मध्यातून. तिनं उठून आपला तळहात पडद्याच्या बरोबर मधोमध उभा धरला आणि म्हणाली, पुढची. हाताच्या उजवीकडचा पहिला शब्द त्यांनी उच्चारला. पुढची. पुन्हा हाताच्या उजवीकडचाच. पुढची, पुढची. हाताच्या डावीकडलं एक अक्षर त्यांच्या तोंडी येत नव्हतं, आणि उजवीकडलं एक सुटत नव्हतं. हे विसरणं नव्हतं. विसरणारा माणूस असा सरळ रेषेत विसरत नाही! तिनं तोच मजकूर चार बोटं रुंदीच्या अरुंद रकान्यात घातला आणि तो रकाना पडद्याच्या पार उजव्या टोकाला नेऊन चिकटवला. “आता वाचा.”

पप्पांनी वाचायला घेतलं. एखादं पहिलं अक्षर गळत होतं, पण ते चालता चालता सावरून घेत होते. तिसऱ्या ओळीला त्यांच्या लक्षात आलं की अर्थ लागतोय. ते थांबले. घाबरल्यासारखे थांबले, आणि मग पुन्हा पहिल्या ओळीपासून, तो चर्चमधला आवाज लावून, अख्खं वचन, अख्खं दुसरं वचन. खिडकीची काच त्या आवाजानं झिणझिणली असं तिला वाटलं. कदाचित तिचेच कान.

दादानं पाठवलेला फोटो तिला त्याच क्षणी आठवला. महिन्यापूर्वी येऊन त्यानं इंटरनेटवर बघून पप्पांची परीक्षा घेतली होती: कागदावर घड्याळ काढा. गोल ठीक आला होता, पण आकडे? बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्या भागात, एकमेकांच्या डोक्यावर चढलेले, आणि डावा अर्धा गोल कोरा. फोटोखाली दादानं लिहिलं होतं, आता तरी पटलं का. ती तो फोटो बघून रडली होती. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून, सगळी रिकामी बाजू बघत रडली होती आणि त्या रिकाम्या बाजूला तिनं काहीही विचारलं नव्हतं. ताटातलं अर्धं अन्न तसंच राहायचं आणि आई म्हणायची, भूक मेलीय त्यांची. डाव्या खांद्यावर दाराच्या चौकटीचे काळेनिळे वण. शर्टाची एकच बाही चढवून निघायचे. हे सगळं एका रांगेत, एकाखाली एक, धडाधड येऊन बसत होतं आणि आपण आता इथंच उड्या मारायला लागू असं वाटून ती स्वयंपाकघरात पळाली.

“आई! पप्पांना डावीकडचं दिसत नाही.”

आई बटाटे सोलत होती. “चष्मा बदललाय की मागच्याच महिन्यात.”

“चष्म्याचं नाही गं. डावी बाजूच. सगळ्याची डावी बाजू. ताटाची, दाराची, कागदाची. त्यांचं डोकं शाबूत आहे, अगदी शाबूत आहे, ते फक्त अर्धंच जग बघतायत!” आणि बोलता बोलता तिच्या डोळ्यांसमोर जेवणाचं टेबल आलं. “आई, जेवताना तू कुठं बसतेस?”

“माझ्या जागेवर. आणखी कुठं?”

“त्यांच्या कुठल्या हाताला?”

आईनं सुरी खाली ठेवली. डावा हात किंचित वर करून, मग उजवा, असं तिनं मनातल्या मनात टेबलाशी बसून पाहिलं असावं. “मी मागच्या बुधवारी अख्खं जेवण रडत होते,” ती म्हणाली. “आवाज नाही केला. डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं. त्यांनी एकदा मान वर केली नाही. बोलले की समोरच्या भिंतीशी बोलायचे. मला वाटलं…” तिनं पदरानं हात पुसले, उगीचच पुन्हा पुसले. “बावन्न वर्षांनी मन उडालं माझ्यावरनं, असं वाटलं.”

ती उठून बाहेर गेली. मुलगी मागोमाग. आई नेहमीच्या सवयीनं डाव्या बाजूनं खुर्चीजवळ गेली, थबकली, आणि मग खुर्चीला वळसा घालून उजवीकडे येऊन उभी राहिली. पप्पांनी वर बघितलं. “अगं, तू केव्हा आलीस?” ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका साधा आनंद होता, गावाहून परतलेल्या माणसाला बघून होतो तसा, की आईला तिथल्या तिथं स्टुलावर बसावं लागलं. “इथंच होते,” ती म्हणाली. “पलीकडे होते.”

तिनं लगेच दादाला फोन लावला. “तू ते घड्याळ बघ,” तिनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही. “तू पाठवलेलं. आकडे कुठं आहेत बघ.” मग दादाचा तो मोठ्या भावाचा, सगळं आधीच माहीत असलेला आवाज: “हे बघ, तुला नको आहे म्हणून तू काहीतरी कारण शोधतेस. सोमवार चुकला तर ती खोली दुसऱ्याला जाईल.” ती म्हणाली, “जाऊ दे.” असं त्याला आयुष्यात ती कधी म्हणाली नव्हती. “डॉक्टर काय म्हणतील ते मी ऐकेन,” दादा शेवटी म्हणाला. “तू म्हणशील ते नाही.”

सोमवारी ते संस्थेत गेले नाहीत, मेंदूच्या डॉक्टरणीकडे गेले. ती तरुण होती, केस घट्ट बांधलेली, आणि तिनं पप्पांना फारसं काही विचारलंच नाही. समोर बसली, आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि दोन्ही हात पसरून एकेक बोट हलवलं. डाव्या बाजूच्या बोटाला पप्पा कधीच हो म्हणाले नाहीत. मग स्कॅन झाला. मेंदूत उजव्या बाजूला मागं, एक लहानसा जुना डाग: झटका येऊन गेलेला, आणि डावीकडचं बघणारी जागा नेमकी तीच. पाच-सहा महिन्यांपूर्वी कधी डोकं फार दुखलं होतं का, हातातून काही पडलं होतं का? आई म्हणाली, कप पडला होता. डाव्या हातातून. उलटीही झाली होती. पित्त म्हणून सोडून दिलं. डॉक्टरणीनं मान हलवली. गेलेलं बहुधा परत येणार नाही, ती स्पष्ट म्हणाली, पण मान वळवून शोधायची सवय लावता येते, आणि पुन्हा तसा झटका येऊ नये म्हणून औषध घ्यायचं. “पण मला कळलं कसं नाही?” पप्पांनी विचारलं. “अर्धं दिसत नाही हे दिसायचं कशानं?” डॉक्टरीण म्हणाली. “तुमच्या दृष्टीनं चित्र पूर्णच होतं.” पप्पांनी चष्मा काढून हातात घेतला. “म्हणजे मला वेड लागलेलं नाही.” “अजिबात नाही.” “हे तुम्ही जरा माझ्या मुलाला लिहून द्याल का?” ते म्हणाले, आणि डॉक्टरीण खळखळून हसली, आणि खरंच लिहून दिलं.

परतताना बसमध्ये तिनं मुद्दाम त्यांच्या उजवीकडची जागा धरली. पप्पा खिडकीबाहेर बघत नव्हते, आपल्या हातांकडे बघत होते. “तुला सांगू का,” ते अचानक म्हणाले, “मला वाटलं होतं, तो थांबला.” तिला क्षणभर उमगलं नाही. “बोलायचा थांबला. कुणी नसताना मी बायबल उघडून बसायचो आणि नुसते तुकडे. एकाला एक लागत नाहीत. मी म्हटलं, साठ वर्षं आपण समजतंय समजतंय म्हणत होतो, आता त्यानं आपल्या हातातून काढून घेतलं. कुणाला सांगणार? पाळकानं हे कुणाला सांगायचं?” तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. आतून ती नुसती उसळत होती. पुढल्या थांब्यावर उतरून धावत घरी जावं असं वाटत होतं, कारण डॉक्टरीण जाता जाता म्हणाली होती की मजकुराच्या डाव्या कडेला एक जाड लाल रेघ ओढा, रेघ दिसेपर्यंत मान वळवायची, रेघ दिसली की तिथून वाचायचं. जाड लाल रेघ! आयुष्यभर तिनं दुसरं केलंय काय?

ती आठवडाभर त्या रेघेच्या मागं होती. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नव्हती. मग तिनं प्रत्येक रकान्याच्या डावीकडे एक रिकामा अरुंद रकाना घातला आणि त्याची पार्श्वभूमी लाल केली. पहिली रेघ फार बारीक झाली, पप्पांना सापडेना. अंगठ्याएवढी केली तेव्हा सापडली, पण ओळी लांब पडत होत्या, त्या तोडल्या. अक्षर एक माप कमी केलं, ओळींत अंतर सोडलं. एका खाली एक मांडून देऊ का विचारलं तर पप्पांनी ठाम नकार दिला. “शेजारीशेजारी. समोरासमोर आल्याशिवाय कळत नाही.” मग येशूची हकिगत लिहिणाऱ्या चौघांचे चार रकाने, चार लाल रेघा. सुरुवातीला ते दहा मिनिटांत दमून जायचे, मान दुखायची, “लाल… लाल… कुठं गेली ही बया… हं, सापडली,” असं पुटपुटणं आतल्या खोलीपर्यंत ऐकू यायचं आणि आई आतून ओरडायची, “आणखी डावीकडे!” हळूहळू पुटपुटणं कमी झालं. मान मात्र लंबकासारखी फिरत राहिली.

तिसऱ्या शनिवारी दादा आला. डॉक्टरणीची चिठ्ठी त्यानं वाचली, दोनदा वाचली, घडी घालून परत दिली. पण त्याच्या चेहऱ्यावरचा संशय घडी घालून ठेवण्यातला नव्हता. तो पप्पांच्या मागं खुर्ची टाकून हाताची घडी घालून बसला. पप्पांनी त्या दिवशी येशूनं रानात हजारोंना जेवू घातल्याची गोष्ट काढली होती. चौघांनीही सांगितलेली, म्हणून चार रकाने. ते एकेका रकान्यातून पुढं सरकत होते, लाल रेघेपाशी मान नेत, ओठ हलवत. मधेच त्यांनी टेबलावर थाप मारली.

“गवत बघा! पहिला म्हणतो, लोकांना गवतावर बसवलं. दुसरा म्हणतो हिरव्या गवतावर. हिरव्या! एवढ्या गर्दीत त्याला रंग आठवला.” मान डावीकडे, मग सावकाश उजवीकडे. आणखी एकदा. “आणि तिसऱ्याकडे गवतच नाही.”

दादानं पप्पांच्या डोक्यावरून तिच्याकडे बघितलं, भुवई जराशी उचलून: बघ, सुटलं ना पुन्हा. अर्थात सुटलं असणार. तिसरा रकाना मधोमध, सगळ्यात अवघड, शेजारची अक्षरं गर्दी करणारी. ती त्याची रेघ आणखी जाड करणार होती आणि राहून गेलं होतं. आपण या तीन आठवड्यांत फार नाचलो, असं तिला वाटलं. ती उठली. तिसऱ्या रकान्याच्या लाल रेघेवर तिनं बोट ठेवलं आणि पहिल्या ओळीपासून, शब्दाला शब्द शिवत, मनात वाचत निघाली. लोक होते. पन्नास-पन्नासांचे गट होते. बसवणं होतं. ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली. मग परत वर आली आणि औषधाच्या चिठ्ठीतला मात्रेचा आकडा तपासताना वाचते तशी, श्वास रोखून, दुसऱ्यांदा वाचली. मागं दादाची खुर्ची करकरली. तोही उठून तिच्या खांद्यावरून वाचत होता.

“नाहीये,” ती म्हणाली. “दादा, तिसऱ्याकडे गवत खरंच नाहीये!”

“तेच तर सांगतोय मघापासून,” पप्पा वैतागून म्हणाले आणि तिचं बोट पडद्यावरून बाजूला सारत त्यांनी मान वळवली. “आता सरका दोघंही. मला चौथा बघू द्या.”